एकाच कागदावरचे दोन आकडे

2023 च्या मार्चमधली गोष्ट. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात मी किडनी प्रत्यारोपणाची वेटिंग लिस्ट सांभाळते. जानेवारीत देशभरातल्या केंद्रांना आदेश आला होता: यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट काढा आणि वंशाच्या गुणकामुळे कुणाचा नंबर उशिरा लागला असेल, तर तो काळ त्यांच्या प्रतीक्षेत जमा करा.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारं टाकाऊ द्रव्य; त्याच्या प्रमाणावरून किडनी किती चालते याचा आकडा काढतात. तो 20 किंवा त्याखाली आला की यादीतली प्रतीक्षा मोजता येते. 1999 च्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर आकडा वाढवून घेत. 2009 च्या सूत्रात तो 1.159 ने गुणत. कारण काय, तर काळ्या माणसांचे स्नायू जास्त असतात! म्हणजे किडनी तितकीच खराब, पण कागदावर बरी. हा गुणक 2021 मध्ये नव्या सूत्रातून गेला. तोवर रिपोर्टवर दोन ओळी छापून यायच्या, एक कृष्णवर्णीयांसाठी, एक बाकी सगळ्यांसाठी. आम्ही भारतीय ‘बाकी सगळ्यां’त. म्हणून मला ती वेगळी ओळ कधी खुपली नाही, याची आज लाज वाटते.

आमचे सीनियर डॉक्टर गोऱ्या वंशाचे, साठीतले, रुग्णांसाठी रात्री-अपरात्री धावून येणारे. सुरुवातीला ते म्हणाले, “तेव्हाचं शास्त्रच तसं होतं. मी कधी भेदभाव केला नाही.” मी वाद घातला नाही, नुसत्या फायली समोर ठेवल्या. तिसऱ्या-चौथ्या फायलीनंतर त्यांचं बोलणं थांबलं. प्रत्येक रिपोर्टवर वरच्या ओळीभोवती निळ्या पेनाने गोल, आणि शेजारी त्यांचीच सही.

त्या दिवशी एक निवृत्त बसड्रायव्हर आले होते. मार्च 2019 चा त्यांचा रिपोर्ट: वरची ओळ 21, खालची 18. गोल 21 भोवती. यादीत नाव लागलं जून 2020 मध्ये. पंधरा महिने गेले होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “हा गोल मी केलाय. 18 मलाही दिसत होता. तुमचा रंग बघून मी 21 घेतला.”

त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “माझी आई गोरी होती. हे तुम्ही मला कधी विचारलंत?”

“नाही विचारलं.”

बस, एवढंच. सूत्राकडे बोट नाही, ‘माझा हेतू तसा नव्हता’ नाही. वंशभेदावरची ट्रेनिंगं मी बरीच पाहिली आहेत. गोरी मंडळी तिथे मान डोलावतात, सर्टिफिकेट घेतात, कामाला लागतात. स्वतःच्या सहीवर बोट ठेवून ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडावर बोलणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बसड्रायव्हरांनी माफ केलं नाही, आवाजही चढवला नाही. “याची झेरॉक्स द्या,” म्हणाले. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. दोन वाजता डायलिसिस होतं, ते निघाले.

बाकीच्यांना पत्रं पाठवायची ठरली होती. डॉक्टर म्हणाले, “पत्रं जाऊ देत, पण त्याआधी मी फोन करतो. नंबर लावून द्या.” संध्याकाळी सातपर्यंत चौघांशी बोलणं झालं. एका बाईंनी मध्येच फोन ठेवला. डॉक्टरांनी त्यांच्या नावापुढे उद्याची तारीख लिहिली आणि मला पाचवा नंबर लावायला सांगितला.