सत्तर किलोंची शेगडी

भाड्याच्या घरात राहणाऱ्याची खरेदी हलकी असते. अटलांटाच्या उत्तरेला राहायला आलो तेव्हापासून आमच्याकडे जे जे आलं ते दोन अटींवर आलं: गाडीच्या डिकीत मावलं पाहिजे, आणि उद्या व्हिसाचं बिनसलं तर एका शनिवारात विकून मोकळं होता आलं पाहिजे. सोफा घडीचा, टेबलाचे पाय स्क्रूचे. कोळशाच्या ग्रिलचा तर प्रश्नच नव्हता. बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही, असं भाडेकरारातच होतं. नियमात खोट काढण्यासारखंही काही नाही. लाकडी बाल्कन्या एकीखाली एक, एक ठिणगी पुरे.

मग घर झालं, मागे अंगण आलं आणि मला सिरॅमिकचं ग्रिल हवंसं झालं. मला, नवऱ्याला नाही. हे सांगावं लागतं, कारण इथे घराबाहेरचा विस्तव हे पुरुषांचं खातं समजलं जातं. दुकानातला विक्रेता सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. गाईच्या छातीचं मांस, म्हणजे ब्रिस्केट, बारा बारा तास कसं ठेवायचं, डुकराचा खांदा शिजला की काट्याने कसा सुटून येतो, वगैरे. नवरा जन्माचा शाकाहारी. तो अतिशय आदराने मान डोलावत होता. शेवटी त्याने विचारलं, ‘‘यात वांगं भाजता येईल का?’’ तेव्हा विक्रेत्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

या वस्तूचा आमच्या गावाशी घरोबा आहे. मूळ जपानचं. तिथे भात शिजवायला मुशीकामाडो नावाची मातीची गोल चूल असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि घरी परतताना काहींनी ती बरोबर आणली. पुढे १९७४ मध्ये एड फिशर नावाच्या गृहस्थांनी अटलांटातल्या क्लेअरमाँट रोडवर दुकान काढलं. ते पाचिंको ही जपानी खेळाची यंत्रं विकत आणि सोबत या चुलीही. यंत्रं मागे पडली, चुली चालल्या. मातीच्या चुली आचेने तडकत, म्हणून मग सिरॅमिक आलं, आणि हिरव्या अंड्याच्या आकाराचं ‘बिग ग्रीन एग’ इथल्या मागच्या अंगणांत जाऊन बसलं. पुढे इतर कंपन्याही आल्या. लाल रंगाचं ‘कामाडो जो’ आणि लांबट अंडाकृती ‘प्रिमो’ या दोघांचीही मुळं याच जॉर्जिया राज्यातली. त्यामुळे निवड करायला बसलं की शेजारीपाजारी आधीच पक्ष घेऊन बसलेले असतात. हिरवेवाले आणि लालवाले. मी दोन्हीकडे जेवून आले आहे. चिकनवरून रंग ओळखता येत नाही.

खरी मेख वजनात आहे. जाळी अठरा इंची असलेलं नुसतं ग्रिल, स्टँड सोडून, साधारण १६० पौंडांचं, म्हणजे सत्तर किलोंच्या पुढे. किंमत हजार डॉलरच्या पुढे, ती वेगळी. पण पैसे त्या वजनाचेच आहेत. भिंत जाड, एकदा तापली की धग आतच धरून ठेवते. खाली एक झडप, वर एक झडप. खालून हवा आत जाते, वरून बाहेर पडते, आणि विस्तवाचं सगळं राज्य त्या दोन फटींवर चालतं. फटी बोटभर ठेवल्या तर २२५ अंश फॅरेनहाइटवर रात्रभर कुणी न बघता मांस शिजत राहतं. सताड उघडल्या तर ६०० च्या वर जाऊन पिझ्झा काही मिनिटांत भाजतो. आत वारा फारसा खेळत नाही म्हणून पदार्थ कोरडा पडत नाही, आणि कोळसाही कमी जळतो. काम झालं की दोन्ही झडपा बंद करायच्या. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामाला येतो.

याचीच दुसरी बाजू नवख्याला दुकानात कुणी सांगत नाही. चढलेलं तापमान उतरवणं महाकठीण. हवं होतं २५० आणि गप्पांच्या नादात काटा ३५० वर गेला, तर झडप मिटली तरी भिंत ऐकत नाही. तिच्यात मुरलेली उष्णता तिच्या सवडीनेच बाहेर येते. म्हणून जाणते लोक अलीकडेच थांबतात. काटा हव्या आकड्याच्या पन्नासएक अंश मागे असतानाच झडप आवळायला लागायचं. आणि झाकण एकदम उघडायचं नाही. आत हवेला आसुसलेला विस्तव असतो. झाकण फटकन वर केलं तर ज्वाळा तोंडावर येते. इंचभर उचलायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा इंचभर. भुवया जागेवर राहतात.

माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे बंद मडक्यात भाजण्याचं मला अप्रूप नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की तिथे पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ, ओवा. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं उलटं ठेवून भोवती काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. सगळं आपल्याच वाफेत होतं. झालं की नाही हे बघायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र करून उडालं की उतरवा. सिरॅमिकचं ग्रिल पाहिल्यावर मला ते हेच मडकं वाटलं, फक्त विस्तव बाहेरचा आत आलेला.

या ओळखीमुळे असेल, तापमानाची वायफाय उपकरणं, पंखे, ॲप यांचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. नवख्याने ती आधी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत. झाकणावर काट्याची तापमापी असतेच. तिचं टोक उकळत्या पाण्यात धरून ती २१२ दाखवते का, एवढं बघून घ्यावं. सुटं घेण्यासारखं एकच: निखारे आणि जाळी यांच्यामध्ये बसणारी सिरॅमिकची आडवी थाळी. ती असली की हे भट्टीसारखं चालतं, नसली की नुसतं खालून भाजणारं. काही मॉडेलांबरोबर ती येते, काहींबरोबर वेगळी घ्यावी लागते. भाव करताना हे आधी विचारावं. दोन दुकानांच्या किमतीतला फरक बरेचदा तिथेच असतो.

आकाराबाबत सगळे म्हणतात मोठं घ्या. मला पटलं नाही. चोवीस इंचीचं पोट तापवायला कोळसा जास्त जातो, आणि चार माणसांच्या पनीरसाठी रोज ते कोण पेटवणार? तेराएक इंचीचं लहान ग्रिल गोंडस असतं, पण पाहुणे आले की पंगती कराव्या लागतात. अठरा इंची बरं. आमचा खरा प्रश्न क्षेत्रफळाचा नव्हता, सोवळ्याचा होता. एका जाळीवर कोंबडी आणि पनीर हे सासूबाईंना चालणारं नाही. नवऱ्याला चालतं, पण आई आली की त्यालाही चालत नाही. इथे ‘कामाडो जो’च्या अर्धचंद्राकार जाळ्या उपयोगी पडल्या. गोलाचे दोन भाग, वेगळे उचलता येणारे, वेगळ्या उंचीवर बसणारे. एक भाग कायमचा शाकाहारी ठरवून त्याच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळून ठेवली आहे. ज्याने हे शोधून काढलं त्याच्या डोक्यात मराठी सासू नसणार, पण सोय चोख झाली.

राख हा दुसरा मुद्दा. फोनवर आईला ग्रिल दाखवलं तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं, ‘‘राख कुठून काढतेस?’’ काही ग्रिलांमध्ये खालच्या झडपेतून सळईने ओढावी लागते, काहींमध्ये खणासारखा डबा बाहेर येतो. राख साचली की हवा अडते आणि मग झडपेशी कितीही खेळा, काटा हलत नाही. म्हणून कोळसाही ब्रिकेटचा, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या वड्यांचा, घेऊ नये. त्याची राख फार. इस्त्रीवाल्याकडे असतो तो ओबडधोबड लाकडी कोळसाच यात घालतात. पेटवायला रॉकेलसारखं द्रव मुळीच नको. त्याचा वास भिंतीत मुरतो आणि मग महिनाभर भरताला पेट्रोल पंपाची चव येते.

जुनं घेण्याचा विचार आम्हीही केला. घर बदलणारे लोक निम्म्या किमतीत देतात, कारण ट्रकवर चढवताना हातातून निसटलं तर सिरॅमिकचे तुकडे होतात. जुनं बघायला गेलात तर जाळी काढून, टॉर्च मारून आतली कोळशाची कुंडी बघा. भेग तिथेच असते. झाकणाच्या काठाची नमद्याची, म्हणजे फेल्टची, पट्टी झिजलेली असेल तर काळजी नाही, ती बदलता येते. ज्यांचं दोन वर्षांत कुठे असेन याचा भरवसा नाही, त्यांना मी हे घ्या म्हणणार नाही. स्टीलचं दुहेरी भिंतीचं कामाडो, म्हणजे याच घाटाचं ग्रिल, निम्म्याहून कमी किमतीत येतं आणि दोघांना उचलता येतं. नाहीतर साधं पातळ पत्र्याचं गोल केटल ग्रिल घ्यावं. त्यातही कोंबडी उत्तम होते. फक्त शेजारी उभं राहावं लागतं.

आमचं आलं तेव्हा मी, नवरा आणि समोरचा शेजारी असे तिघे लागलो. आधी झाकण काढलं, आतले भाग काढले, मग धड उचलून स्टँडमध्ये बसवलं. पहिले काही दिवस मोठी आच द्यायची नसते, नमद्याचा गोंद बसायला वेळ हवा. म्हणून सुरुवात वांग्यानेच झाली. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

परवा मंडळातली एक मैत्रीण आली होती. ग्रीन कार्डच्या रांगेत आमच्याच मागेपुढे आहे. ग्रिलभोवती एक चक्कर मारून तिने तोच प्रश्न विचारला, जो आम्ही प्रत्येक वस्तूला विचारत आलो. ‘‘आणि परत जायची वेळ आली तर याचं काय करणार?’’

‘‘सिरॅमिकला आजीवन वॉरंटी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पण फक्त पहिल्या मालकाला.’’