‘ओ’ कुठे आहे?

आमचा भूमितीचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. डबा खाऊन सुस्तावलेल्या वर्गात सर लाकडी कंपास घेऊन शिरत आणि तो टेबलावर ठेवून देत. वर्तुळ हातानेच काढायचं, तेही बटाट्यासारखं! आधी वाटलं, सरांचा हातच वाकडा. मग लक्षात आलं, हे मुद्दाम चाललंय. व्यासावरचा काटकोन साठ अंशांचा दिसेल अशी आकृती काढून म्हणायचे, “कोनमापक दप्तरात.”

प्रमेयं आम्हाला पक्ष, साध्य, सिद्धतेसकट पाठ होती. कोडं समोर आलं की त्यातलं एकही वेळेवर आठवत नसे. सरांचा तोडगा साधा होता. केंद्रातून त्रिज्या जोडा. दोन त्रिज्या म्हणजे समद्विभुज त्रिकोण, स्पर्शिकेला टेकली तर काटकोन. निम्मी कोडी तेवढ्यावर सुटत.

एकदा फळ्यावर चौकोन आला: ओ, ए, बी, सी. ओ हे केंद्र, बाकी तिन्ही बिंदू वर्तुळावर, ओपाशी ११० अंश. बीचा कोन किती? मी बसल्या जागेवरून ओरडलो, “सत्तर!” चक्रीय चौकोन, समोरासमोरचे कोन मिळून १८०, त्यात काय!

सरांनी खडू माझ्या हातात दिला.

“चक्रीय कशाला म्हणतात?”

“चारही शिरोबिंदू वर्तुळावर असले की.”

“मग ओ कुठे आहे?”

वर्ग खो खो हसला. मी फळ्याकडे तोंड करून उभा, कान तापलेले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, बीच्या समोरचा कंस मोठा. तो ३६०तून ११० गेले, २५०चा. वर्तुळावरचा कोन समोरच्या कंसाच्या निम्मा, म्हणून १२५.”

“बरोबर. आता तू. दुसऱ्या वाटेनं.”

बराच वेळ गेला. शेवटी मोठ्या कंसावर मी डी हा नवा बिंदू घेतला, ए आणि सीला जोडला. डीपाशी ११०च्या निम्मे, ५५. आता चौकोन खरोखरच चक्रीय होता. १८०तून ५५ गेले, १२५!

सहामाहीला नेमकं हेच कोडं आलं. उत्तर १२५ लिहिलं, डीसुद्धा घेतला. पण सरांचा दंडक होता, “कंसाचं कारण कंसात लिहा.” ते राहिलं आणि अर्धा गुण गेला.

तो अर्धा गुण मला अजूनही पटलेला नाही.