लिच, वाइट, रेथ, रेव्हनंट : माझ्या कॅम्पेनमधल्या मढ्यांची वर्गवारी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. आमच्या त्यातल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीत, थंडीचा अध्याय आला तेव्हा तिथे मेलेल्यांचं राज्य असावं असं सगळ्यांच्या मताने ठरलं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी, त्यामुळे ते राज्य उभं करणं माझ्या गळ्यात. बर्फ, पडका किल्ला, जुन्या सरदारांच्या दफनटेकड्या, इथवर काही अडलं नाही. मग खेळातल्या राक्षसांचं पुस्तक, मॉन्स्टर मॅन्युअल, उघडलं. स्केलेटन, झॉम्बी, घूल, घास्ट, वाइट, रेथ, स्पेक्टर, शॅडो, रेव्हनंट, ममी, व्हॅम्पायर, लिच, डेमिलिच. चित्रं पाहिली तर निम्म्यांचे डोळे खोल गेलेले आणि अंगरखे फाटलेले. पुस्तकात चित्र तरी असतं, टेबलावर फक्त माझं बोलणं. "लकाकत्या डोळ्यांचा मेलेला शिपाई समोर उभा आहे" म्हटल्यावर तो यातला नेमका कोण, हे समोरच्याला कसं कळावं?

म्हणून आधी एकेकाचं मूळ गाव धुंडाळलं. घूल अरबी लोककथांतला. तिथे तो मेलेला नाहीच, वाटसरूंना भुलवून खाणारा राक्षस आहे. कबरी उकरायची खोड त्याला आंत्वान गालांच्या फ्रेंच 'अरेबियन नाइट्स'मधून लागली. झॉम्बी हैतीचा. तिथे त्याची भीती वेगळीच : तो चावेल ही नव्हे, तर मेल्यावरही आपल्याला दुसऱ्याच्या शेतात राबवतील ही. गुलामगिरी भोगलेल्या मुलखाला दुसरं कसलं भूत दिसणार? १९२९ मध्ये विल्यम सीब्रुकच्या प्रवासवर्णनातून हा अमेरिकेत गाजला. पुढे १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने माणसं खाणारी मढी पडद्यावर आणली, पण त्या अख्ख्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्द नाही. तिथे त्यांना घूल म्हणतात. इथे माझी वही पहिल्यांदा बंद झाली.

वाइट म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसता 'जीव', कुठलाही. थडग्यात राहून खजिना राखणारं मढं हे मूळचं आइसलँडच्या जुन्या वीरकथांतलं, त्याचं तिकडचं नाव द्राउगर. इंग्रजीत त्याला वाइटचं नाव लागलं आणि १९५४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये टॉल्किनने आपल्या दफनटेकड्यांवर ते पक्कं केलं. लिच तर सरळ 'प्रेत'. त्याला जादूगाराचा मुकुट मिळाला तो १९७५ मध्ये, याच खेळाच्या ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत. त्याचा जीव वेगळ्या डबीत लपवलेला असतो. रशियन लोककथेतल्या कश्चेईचा जीव सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात. ही युक्ती खेळवाल्यांची नव्हे, हे बघून बरं वाटलं.

मग एकाच मढ्याच्या इतक्या जाती पाडल्या कुणी? माझ्या मते याचं उत्तर १९७४ च्या मूळ नियमांतल्या एका तक्त्यात आहे. क्लेरिक, म्हणजे खेळातला पुजारी, पवित्र चिन्ह उगारून मेलेल्यांना पळवून लावतो. तो जसजसा तयार होईल तसतसं समोरही कुणीतरी भारी हवं. म्हणून तळाला स्केलेटन, त्याच्यावर झॉम्बी, मग घूल, वाइट, रेथ, ममी, स्पेक्टर आणि टोकाला व्हॅम्पायर. नवशिक्या क्लेरिकचा मंत्र घूलपर्यंतच चालतो, वाइट जागचा हलत नाही. रेथ आणि स्पेक्टर, दोन्ही शब्दांनी बोलीत भूतच म्हणायचं; खेळाने त्यांना हुद्दे वाटले. सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक आणि कनिष्ठ लिपिक असतात, तसे.

हे उमगल्यावर काटछाट सोपी गेली. प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारले : देह आहे का, स्वतःची अक्कल आहे का, आणि उठवलं कुणी? उत्तरं जुळली की एक नाव बाद. घास्ट, शॅडो, स्पेक्टर वगैरे गेले. डेमिलिचला मी फारसा विचार न करता काढला, नावच आवडलं नाही. उरले झॉम्बी, घूल, वाइट, रेव्हनंट (सूड घ्यायला परत आलेला मेलेला) आणि लिच.

प्रत्येकाला एकच खूण दिली, आणि ती वर्णनात सांगायची नाही, करून दाखवायची. झॉम्बीचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला याचा आकडा, शून्यावर आले की तो बसलेल्या माराच्या आकड्यात पाच मिळवून तेवढा आकडा गाठायला फासा टाकतो. जमलं तर एका पॉइंटवर उभा. आमच्या फायटरने एकाला आडवा केला, मी फासा टाकला, तो उठला. पुन्हा पाडला, पुन्हा उठला. "अरे, हा मरत का नाही?" म्हणेपर्यंत क्लेरिकने तेजाचा मंत्र मारला आणि विषय संपला, कारण त्या तेजापुढे ही सोय चालत नाही. घूलची नखं लागली की माणूस जागीच लुळा पडतो, एल्फ मात्र नाही. एल्फ खेळणारी मैत्रीण पडलेल्या तिघांमधून एकटी लढत होती आणि ते पुढचा महिनाभर ऐकवत होती. वाइटला मी बोलायला लावलं : जुन्या सैन्याचे हुकूम, जुने हुद्दे, मेलेल्या राजाच्या नावाने जयजयकार. त्यानंतर कोण कोणता, हे कुणी विचारलं नाही.

मग व्हायचं तेच झालं : "आपली भुतं का नाहीत?" बसवून पाहिली. मुंजा, हडळ, समंध, खवीस, कुणीच तक्त्यात बसेना. आपल्याकडे जात ठरते ती कोण कसा मेला आणि काय राहून गेलं यावरून. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला तर मुंजा, बाळंतपणात गेलेली बाई हडळ, धनात जीव अडकलेला समंध. यांना ना कुजका देह, ना फौज. मुंजाला हिट पॉइंट किती द्यायचे? त्याच्याशी कुणी तलवारीने लढत नाही, शांत करतात.

मढ्यात शिरणारा म्हणाल तर वेताळ. पण आमचा क्लेरिक खेळणाऱ्या मित्राचं आजोळ शिरोड्याजवळ. तिथे आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे आणि देव रात्री गावात फिरून वहाणा झिजवतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. "त्याच्यावर चिन्ह उगारायला मी हात वर करणार नाही," त्याने आधीच सांगून टाकलं.

तेव्हा वेताळाशी लढाई नाही. पुढच्या अध्यायात तो वेताळपंचविशीतल्यासारखा पाठीवर बसून गोष्टी सांगेल, आणि कुणी तोंड उघडलं की परत झाडावर. आमच्या गटाची बडबड बघता तो अध्याय दिवाळीपर्यंत पुरेल.