बसलेला आवाज

मार्गशीर्ष वद्य पक्ष. माळेगावच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आलीय. यात्रेत तमाशातल्या गायिकेचा आवाज बसतोच: धूळ, जागरणं, वर मिसरी. त्यामुळंच स्वरयंत्राच्या कर्करोगाकडं कुणाचं लक्ष जात नाही. सर्दी-पडसं नसताना ३ आठवडे घोगरेपणा हटला नाही, तर ज्येष्ठमध चघळत दिवस काढू नयेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्यावेत. गाठ बारीक असताना सापडली, तर बहुतेक वेळा नुसत्या किरणांवर (रेडिएशनवर) भागतं आणि स्वरयंत्र वाचतं.

खरी अडचण तारखांची. दसऱ्याला हंगाम लागतो, उचल त्याआधीच खर्चून झालेली. किरणं साडेपाच ते सात आठवडे, आठवड्यातून ५ दिवस. मान हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा साचा आवळतात, दहा-पंधरा मिनिटांत मोकळं करतात. एवढंसंच काम बघून वाटतं, मधे सुपारी घेतलेले दोन कार्यक्रम उरकून येऊ. तसं करू नये. खंड पडला की कर्करोगाच्या उरलेल्या पेशी तेवढ्यात पुन्हा वाढतात. फडमालकाला हे डॉक्टरनंच सांगितलेलं बरं, गायिकेचं तो ऐकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून घास उतरत नाही. १ लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भराव्यात. ठेचा बंद, भाकरी दुधात कुस्करून. मानेवर हळद-तेलाचे लेप नकोत, कातडी आधीच भाजलेली असते. आणि आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलू नये, त्यानं स्वरतंतूंवर उलट ताण येतो. हळू पण सुरात बोलावं, नाहीतर गप्प राहावं. सारखं खाकरण्यापेक्षा पाण्याचा घोट घ्यावा.

उपचार संपल्या संपल्या आवाज सगळ्यात वाईट लागतो. सुधारायला काही महिने जातात. डॉक्टरनं परवानगी दिली की ओठ मिटून ‘म’कार, मंद्र पंचम (खालचा प) ते मध्य पंचम (मधला प), ५ मिनिटांच्या वर नाही. तार षड्जाच्या (वरच्या सा च्या) वाटेला लवकर जाऊ नये.

बालगंधर्वांचे उतारवयात पाय गेले तरी ते बसून गात राहिले. लावणीवालीचं उलटं होतं: पाय शाबूत, गळा थकलेला. तेव्हा उंच सुरातली ओळ मागं साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी उचलावी आणि पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चारवरून काळी तीनवर आणावी. यात कमीपणा कसला? पण ढोलकीवाला कुरकुरणार. तुणतुण्याची तार खुंटी पिळून उतरते, ढोलकीचं शाईचं तोंड तेवढं सैल करून उतरवलं की बद्द वाजतं. जरा मोठ्या तोंडाची दुसरी ढोलकी आधीच बघून ठेवावी.