मेलो गं आई

आमच्या वडगावात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. त्यामुळे 'गिधाडे'च्या तालमीचे पहिले दहा दिवस माझे नुसतं 'आले, गेले' घोकण्यात गेले. सर कपाळाला हात लावायचे. "माणिक बेळगावची नाही गं बाई!"

माणिक म्हणजे पितळ्यांच्या घरातली बहीण. पैशासाठी सख्खे भाऊ तिचा पाय मोडतात, पुढं पोटावर लाथ घालतात, पोटातलं मूल जातं. गल्लीतल्या गणपतीपुढच्या नाटुकल्यांपलीकडं मी काही केलं नव्हतं, आणि पहिलीच भूमिका ही. घरी सांगितलं, कौटुंबिक नाटक आहे. खोटं थोडंच होतं?

सरांनी एकदा जुनी गोष्ट सांगितली. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं हे नाटक बसवलं, तेव्हा माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळानं हरकत घेतली. मग डाग निळा केला, आणि निळा डाग लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. आम्ही पोट धरून हसलो. "आपण लालच करायचा," सर म्हणाले. माझं हसू तिथंच थांबलं. साडी मी आणायची होती.

साडी आईची. फिकट पिवळी, बाबांनी मागावर विणलेली. तिनं ट्रंकेतनं काढून इस्त्री करून दिली, वर पदर नीट घे म्हणून बजावलं.

आमच्या प्रयोगात लाथ विंगेतच बसायची. अंधारात एकानं साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग माझ्या निऱ्यांवर ओतला. पाक बर्फासारखा गार. मला नुसतं किंचाळायचं होतं. तोंडातनं निघालं, "मेलो गं आई!"

दहा दिवसांचं घोकणं पाण्यात. तशीच लंगडत उजेडात आले. एकही माणूस हसला नाही. बेळगावातच पुरुषासारखं बोलून बाई मरू शकते म्हणा! तिसऱ्या रांगेत मात्र कोणीतरी ताडकन उभं राहिलं होतं. बाबा हाताला धरून तिला खाली बसवत होते.

घरी येईपर्यंत आई बोलली नाही. बाबांनी उंबऱ्यातच निऱ्या चिमटीत धरून बघितल्या. "सूत पक्कं आहे. निघंल."

सकाळी न्हाणीत गेलो, तर बादलीच्या काठावर मुंग्यांची रांग लागलेली, आणि आई पदराचं टोक साबणानं घासत बसलेली. पदराला डाग नव्हताच.