टाकीचे ठसे: आल्बुकर्कीच्या कातळशिल्पांत एक दिवस

रिंकोनाडा घळीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं आम्हाला एकही चित्र दिसलं नाही. पायाखाली भुसभुशीत वाळू, डावीकडे राखाडी-हिरवी झुडपं आणि उजवीकडे दरड कोसळावी तसे एकमेकांवर लोटलेले काळे धोंडे. ताई नकाशा उलटसुलट करून बघत होती. बाबा मात्र मागे राहिले होते. मी वळून पाहिलं तर ते एका धोंड्यासमोर हात पाठीमागे बांधून उभे.

"अगं, इकडे ये. पाट्याला टाकी लावलेली असते ना, तसं दिसतंय हे."

जवळ गेले आणि खरंच तसं होतं. काळ्या पृष्ठभागावर ज्वारीच्या दाण्याएवढे फिकट टिचे, एकाला एक लागून. दोन पावलं मागे सरकल्यावर त्या टिच्यांचं एक वेटोळं झालं, आतून बाहेर फिरत जाणारं. त्याच्या शेजारी एक हाताचा पंजा होता. मग त्याच्या वरच्या दगडावर एक चेहरा दिसला, त्याच्या डावीकडे आणखी एक. इतका वेळ आम्ही त्यांच्यासमोरून चालत आलो होतो. परत मागे गेलो आणि सुटलेली सात-आठ चित्रं सापडली.

म्हणून इथे जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते. डोळा बसायला वेळ लागतो. "काहीच नाहीये" म्हणून पहिल्या वळणावरून परतू नका. चित्रांची दाटी घळीच्या आतल्या भागात वाढत जाते.

जागा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्की शहराच्या पश्चिम कडेला आहे. नाव पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंट. १९९० साली हा भाग संरक्षित झाला. राष्ट्रीय उद्यान खातं आणि आल्बुकर्की महापालिका मिळून तो सांभाळतात. शहराच्या बाजूला सुमारे २७ किलोमीटर लांब काळा कडा पसरला आहे आणि त्याच्या धोंड्यांवर अंदाजे २४,००० चित्रं कोरलेली आहेत. कडा एका बाजूला आणि वस्तीची कुंपणं दुसऱ्या बाजूला, इतकी ती लगटून आहेत. काही ठिकाणी तर शिल्पांसमोर उभं राहिल्यावर मागे कोणाच्या तरी अंगणातला कुत्रा भुंकत असतो.

आमची बहीण इथे राहते. मी बाबांना घेऊन दिवाळीच्या सुमारास तिच्याकडे गेले होते. बाबा जुन्नर तालुक्यातले. नाणेघाट आणि शिवनेरीच्या पोटातली लेणी बघत मोठे झालेले, त्यामुळे दगड दिसला की हात लावायचा ही त्यांची सवय. इथे हात लावायचा नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं. बोटांचं तेल दगडावरच्या काळ्या पुटाला लागतं, आणि रोज शेकडो हात लागले तर चित्र मरतं. त्यांनी दिवसभर हात पाठीमागेच ठेवले.

"दगड आपलाच आहे पण," ते म्हणाले. खरं आहे, हा बेसाल्टच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि इथला कडा जेमतेम दोन लाख वर्षांपूर्वीचा. जमिनीला लांब भेग पडली, तिच्यातून लाव्हा वाहत आला आणि थिजला. खालची मऊ माती हळूहळू झिजत गेली, वरच्या दगडाचा आधार सुटला आणि कडेचे धोंडे तुटून उतारावर घरंगळले. चित्रं आहेत ती बहुतेक या घरंगळलेल्या धोंड्यांवर. वाळवंटातल्या दगडावर हजारो वर्षांत लोह, मँगनीज आणि मातीच्या बारीक कणांचं काळसर चकचकीत पूट चढतं. दगडानं दगडावर ठोके मारून ते पूट उडवलं की आतला फिका करडा रंग उघडा पडतो. धातूची टाकी या लोकांकडे नव्हती. कधी हातातल्या दगडानं थेट ठोका, तर कधी टोकदार दगड छिन्नीसारखा धरून दुसऱ्या दगडानं वरून ठोका. चित्राच्या कडा सुबक हव्या तिथे ही दुसरी पद्धत. बाबांना हे समजलं आणि त्यानंतर ते प्रत्येक चित्रात ठोक्यांची दिशा शोधत बसले.

ही कोरणारी माणसं म्हणजे आजच्या प्वेब्लो लोकांचे, इथल्या मूळ रहिवाशांचे, पूर्वज. बहुतेक चित्रं इसवी सन १३०० पासून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतची, काही मात्र त्याहून कितीतरी जुनी, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची. नंतर आलेल्या स्पॅनिश वसाहतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी कोरलेले क्रूसही मधूनच दिसतात. न्यू मेक्सिकोत प्वेब्लोंच्या १९ वस्त्या आजही नांदत्या आहेत आणि हा कडा, त्यामागचे ज्वालामुखी त्यांना पवित्र आहेत. म्हणूनच माहिती केंद्रातल्या बाईंना मी "या वेटोळ्याचा अर्थ काय?" असं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. काही चित्रांचा अर्थ प्वेब्लो लोकांना ठाऊक आहे, पण तो सगळ्यांना सांगायचा नसतो, असं त्या म्हणाल्या. चित्र कोणत्या दिशेला तोंड करून आहे, शेजारी काय आहे, समोर कोणता डोंगर दिसतो हे बघा. मला ते उत्तर फार आवडलं. आपल्याकडेही देवळातल्या सगळ्या गोष्टी गाभाऱ्याबाहेर सांगत नाहीत.

त्यांचं ऐकून आम्ही वळून बघायला लागलो. चित्राकडे पाठ केली की समोर रिओ ग्रांदे नदीचं खोरं, त्यात पसरलेलं शहर, आणि पलीकडे सांदिया डोंगराची भिंत.

आता वाटांबद्दल. रिंकोनाडाची फेरी साडेतीन किलोमीटरची, जवळजवळ सपाट. जाताना उत्तरेकडच्या कड्याला चिकटून जायचं आणि येताना घळीच्या मधून वाळूतून यायचं. वाळूमुळे पोटऱ्या भरून येतात, बाकी त्रास नाही. आम्हाला अडीच तास लागले. भरभर चाललात तर दीड तासात होईल, पण मग तुम्ही फक्त चाललात असं होईल. मला सगळ्यांत आवडलेलं चित्र इथेच भेटलं. एका धोंड्याच्या कोपऱ्यावर कोरलेला चेहरा. एक डोळा दगडाच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, आणि दगडाची धार हेच नाक. एका बाजूनं पाहिलं तर अर्धाच चेहरा दिसतो. समोर येऊन उभं राहिलो की तो पुरा होऊन तुमच्याकडे बघतो. कोरणाऱ्यानं तो दगड किती वेळ न्याहाळला असेल!

माहिती केंद्र अनसर बुलेव्हार्डवर आहे. तिथे नकाशा मिळतो, पाणी मिळतं, स्वच्छतागृह आहे, पण शिल्पं तिथून चालत जाण्यासारखी नाहीत. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि केंद्राभोवती फिरून ते निराश होतात. प्रत्येक घळीला गाडीनं जावं लागतं. रिंकोनाडा केंद्राच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर, बोका नेग्रा उत्तरेला तीनेक किलोमीटरवर आणि पिएद्रास मार्कादास त्याच दिशेला दहाएक किलोमीटरवर. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच.

बोका नेग्रात आम्ही दुपारी पोचलो. फक्त इथेच गाडी लावण्याचे पैसे पडतात, आठवड्याच्या दिवशी एक आणि शनिवार-रविवारी दोन डॉलर. सावली आहे, बाकं आहेत. ताईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. सोबत तिथल्या भाजलेल्या हिरव्या मिरच्या. शरद ऋतूत या राज्यात जागोजागी जाळीच्या पिंपात मिरच्या भाजतात आणि तो वास गल्लीभर पसरतो. दशमीत ती मिरची घालून खाताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसरी मागितली.

इथे तीन छोट्या वाटा आहेत. ज्यांच्याकडे तासभरच आहे, किंवा सोबत लहान मुलं वा वयस्कर माणसं आहेत, त्यांनी सरळ इथेच यावं. सुमारे २०० चित्रं थोड्या अंतरात दिसतात. मकाव वाटेवर बाकदार चोचीचा एक पक्षी कोरला आहे. मकाव हा पोपटाच्या जातीचा मोठा पक्षी, पण तो या वाळवंटातला नाही, दूर दक्षिणेकडे मेक्सिकोच्या उष्ण जंगलातला. त्याची पिसं आणि जिवंत पक्षीही व्यापाराच्या वाटांनी इथवर येत. मेसा पॉइंटची वाट शंभर-सव्वाशे फूट चढते, दगडांच्या ओबडधोबड पायऱ्यांवरून. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना जपावं. याच परिसरात एका दगडावर घासून गुळगुळीत झालेला खोलगट भाग आहे. धान्य किंवा वनस्पती वाटण्याची जागा. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "आईला दाखवायला पाहिजे होतं." त्यांची आई म्हणजे आमची आजी. तिचा पाटा अजून गावच्या घरी मागच्या पडवीत आहे आणि त्याच्या मधोमध असाच खळगा पडलाय.

पिएद्रास मार्कादासला आम्ही चार वाजता गेलो आणि तिथेच चुकलो. इथे अडीच किलोमीटरच्या फेरीत ४०० च्या आसपास चित्रं आहेत, सगळ्यांत दाट. पण कडा पूर्वेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की ऊन कड्यामागे जातं, काळे धोंडे अधिकच काळे होतात आणि बारीक टिचे डोळ्याला लागत नाहीत. अर्धी चित्रं आम्ही अंदाजानं पाहिली. तुम्ही क्रम उलटा करा. सकाळी पहिल्या उन्हात पिएद्रास मार्कादास, मग केंद्र, मग रिंकोनाडा. तिथला कडा दक्षिणेकडे बघतो, त्यामुळे ऊन जास्त वेळ टिकतं. ऐन दुपारी मात्र पुटावर उजेड चमकतो आणि कुठलाच फोटो धड येत नाही. तेव्हा बोका नेग्रात जेवायला बसावं.

पाणी माणशी दोन लिटर घ्या. पिएद्रास मार्कादास आणि रिंकोनाडाला पाणी मिळत नाही. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, ओठ फुटल्यावर कळतं. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर असता. बाबांना पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागली होती. म्हणून आम्ही येऊन तीन दिवस झाल्यावर इकडे निघालो. आलेल्या दुसऱ्याच दिवशी वडीलधाऱ्यांना उन्हात चालवू नका.

ऑक्टोबरची अखेर उत्तम. सकाळी स्वेटर लागतो, अकरानंतर अर्ध्या बाह्या. वसंतात वाऱ्यानं वाळू डोळ्यांत जाते. जुलै ते सप्टेंबर तिथलाही पावसाळा, लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. दुपारून गडगडाट करत ढग येतात आणि उघड्या माळावर विजेची भीती असते. तेव्हा सकाळीच उरकावं. रॅटलस्नेक हा विषारी साप या दगडांत राहतो, त्यामुळे फटीत हात घालू नका, धोंड्यांवर चढू नका. चढणं तसंही मना आहे. गाडीत पिशवी, लॅपटॉप दिसेल असं ठेवू नका. फाटकं संध्याकाळी लवकर बंद होतात, आत शिरताना पाटीवरची वेळ वाचा.

आणि बंद बूट घाला. मी सँडल घालून गेले होते आणि रिंकोनाडाच्या परतीच्या वाटेवर टाचेत काटा घुसला. बाबांनी वाकून काढला, तळहातावर ठेवला आणि हसायलाच लागले. "सराटा! हा इथे कुठून आला?" तोच तो, आपल्या शेताच्या बांधावरचा, दोन शिंगांचा. तिथले लोक त्याला बकऱ्याचं डोकं म्हणतात आणि सायकलवाले त्याच्या नावानं बोटं मोडतात. तो मूळचा आपल्याच बाजूच्या खंडांतला, परदेशातून तिकडे गेलेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. काही धोंड्यांवर जुन्या चित्रांच्या शेजारी अलीकडची नावं कोरलेली दिसली, तारखांसकट. आपल्या गडांवरच्या भिंती आठवल्या आणि मला तिथे उभं राहवेना. पूट परत चढायला हजारो वर्षं लागतात. खडूनं रेघ ओढून फोटो काढणं, कागद ठेवून घासून ठसा घेणं, पाणी ओतणं, हे सगळंही चित्राला इजा करतं. कमी दिसत असेल तर जागा बदला, कडेनं बघा, थोडं थांबा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची आपली कातळशिल्पं जांभ्या दगडात, जमिनीवर आडवी कोरलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यावर पाय पडण्याचाच धोका जास्त. तिकडे जाल तेव्हाही हीच काळजी घ्या. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे अजून पाहिलं नसेल तर आधी ते बघा असंच मी म्हणेन. मी इकडे जाण्याआधी कशेळीचा तो प्रचंड हत्ती पाहिला होता, म्हणून रेषेतून आकार शोधायची सवय थोडी तरी होती.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सांदियाचा डोंगर गुलाबी झाला होता. स्पॅनिशमध्ये सांदिया म्हणजे कलिंगड. ताई चहा ठेवायला आत गेली. बाबा अंगणात खुर्ची टाकून बुटाच्या तळव्यातले सराटे एकेक करून काढत होते आणि एका वाटीत टाकत होते.

"रविवारी तुला सुट्टी आहे ना?" त्यांनी आत हाक मारून ताईला विचारलं. "त्या शेवटच्या घळीत सकाळी सातला निघू. ऊन यायच्या आत पोचलं पाहिजे."