दोन ओळींच्या पोस्टला एवढं मोठं शीर्षक कशाला? पोस्ट फॉरमॅटचा माझा अनुभव

माझा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे आणि त्यावर चार-पाच तऱ्हेचं लिखाण पडतं. लांब लेख, मधेच सुचलेल्या दोन ओळी, वाचताना आवडलेलं एखादं वाक्य, फोटो, आणि कुठे काही चांगलं वाचलं तर त्याची लिंक. हे सगळं कित्येक वर्षं एकाच साच्यातून बाहेर पडत होतं, म्हणजे दोन ओळींच्या नोंदीलाही वर भलंमोठं शीर्षक, त्याखाली तारीख, लेखकाचं नाव, कॅटेगरी, मग त्या दोन ओळी, आणि खाली परत शेअरची बटणं नि लेखकाची चौकट. मला ते बघून बघून सवय झाली होती. एकदा ताईने फोनवर ब्लॉग उघडला आणि अंगठ्याने सरकवत म्हणाली, "अगं यात थांबून वाचायचं काय नि पुढे जायचं कुठे तेच कळत नाही, सगळं सारखंच दिसतंय." ते मनाला लागलं कारण त्या छोट्या नोंदींवर माझा जास्त जीव आहे आणि त्याच हरवत होत्या.

सुरुवातच चुकीच्या दारातून झाली. मी शोधताना 'पोस्ट टाइप' असं शोधलं आणि पोचले कस्टम पोस्ट टाइपवर. वर्डप्रेसमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नावं इतकी जवळची की गल्लत होतेच. मी एका प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) 'वेचे' नावाचा नवीन पोस्ट टाइप केला, आवडलेली पंधरा-वीस वाक्यं त्यात हलवली आणि ती सगळी होम पेजवरून गायब! फीडमध्येही (नव्या पोस्टी वाचकांकडे पोचवणाऱ्या यादीत) नाहीत. कारण वर्डप्रेसचं होम पेज आपणहून फक्त साध्या 'पोस्ट' उचलतं, कस्टम टाइप तिथे हवा असेल तर क्वेरीत, म्हणजे पोस्टी मागवणाऱ्या कोडमध्ये, वेगळं सांगावं लागतं. कस्टम पोस्ट टाइप हा खरं तर वेगळ्या जातीच्या मजकुरासाठी, म्हणजे पुस्तकांची यादी, कार्यक्रम, पाककृती, ज्यांना स्वतःचं कपाट हवं असतं. माझं वाक्य ही पोस्टच होती, तिला फक्त वेगळा पोशाख हवा होता. तर ते सगळं परत पोस्टमध्ये आणलं, त्यात एक संध्याकाळ गेली.

मला हवं होतं ते पोस्ट फॉरमॅट, म्हणजे ही पोस्ट कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी खूण, जिच्यावरून तिचं रूप वेगळं ठेवता येतं. हे वर्डप्रेस ३.१ मध्ये, म्हणजे २०११ साली आलं. साधा स्टँडर्ड सोडला तर नऊ प्रकार आहेत, असाइड (शीर्षकाशिवायची छोटी नोंद), गॅलरी, लिंक, इमेज, कोट (दुसऱ्याचं उद्धृत केलेलं वाक्य), स्टेटस, व्हिडिओ, ऑडिओ आणि चॅट. यादी ठरलेली आहे, आपण आपला दहावा त्यात घालू शकत नाही, आणि मला ते आवडलं, कारण त्यामुळे थीम (साइटचं रंगरूप ठरवणारा फाइलींचा संच) बदलली तरी कोट हा कोटच राहतो. टम्बलरवर ज्यांनी लिहिलंय त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल, तिथे लिहायला घेतानाच टेक्स्ट, फोटो, कोट, लिंक असं निवडायचं असायचं. वर्डप्रेसची २०१३ सालची ट्वेंटी थर्टीन ही डीफॉल्ट थीम कोणी पाहिली असेल तर तिच्यात प्रत्येक फॉरमॅटच्या मागे वेगळा रंगीत पट्टा होता. ती बघूनच मला पहिल्यांदा नीट समजलं की हे प्रकरण आहे काय.

आता गंमत अशी की माझ्या एडिटरमध्ये हे फॉरमॅट तीनच दिसत होते. ते थीमवर असतं, थीमने जेवढ्यांना पाठिंबा जाहीर केलाय तेवढेच दिसतात. मग मी चाइल्ड थीम केली, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवायची वेगळी थीम. (थेट मूळ थीमच्या फाइलमध्ये हात घालू नका हे कळकळीने सांगते, मी आधी तेच केलं होतं आणि पुढच्या अपडेटमध्ये सगळं पुसलं गेलं.) चाइल्ड थीम म्हणजे एक फोल्डर, त्यात एक स्टाइल फाइल जिच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव लिहायचं, आणि एक फंक्शन्सची फाइल. त्या फंक्शन्समध्ये 'ॲड थीम सपोर्ट' लिहून मला हवे ते पाच फॉरमॅट दिले. सेव्ह केलं, रिफ्रेश केलं, तरी तीनच!

यात मी दोन दिवस अडकले होते म्हणून जरा सविस्तर सांगते. वर्डप्रेस आधी चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल वाचतं आणि नंतर मूळ थीमची. दोघांनीही आपापली यादी 'आफ्टर सेटअप थीम' या हुकवर (वर्डप्रेस ठरलेल्या क्षणी आपला कोड चालवतं ती जागा) टांगलेली, दोघांचा प्रायॉरिटीचा आकडा १०, म्हणून माझी यादी आधी लागली आणि मागून मूळ थीमची येऊन तिच्यावर बसली. या याद्या एकमेकींत मिसळत नाहीत, नंतरची आधीचीला पुसते. उपाय काय, तर माझ्या ओळीत प्रायॉरिटी ११ लिहिली, म्हणजे ती मूळ थीमच्या १० नंतर लागते. एवढंच. पाचही फॉरमॅट समोर आले तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही.

पुढचं काम, म्हणजे प्रत्येक फॉरमॅटला वेगळं रूप देणं, सोपं निघालं कारण निम्मं आधीच झालेलं होतं आणि मला माहीत नव्हतं. ब्राउझरमध्ये पोस्टवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं तर प्रत्येक पोस्टच्या टॅगवर क्लासची (ओळखीसाठी लावलेल्या नावांची) लांबलचक माळ असते, त्यात 'फॉरमॅट-कोट', 'फॉरमॅट-असाइड' असे क्लास दिसले. थीमने 'पोस्ट क्लास' हे फंक्शन वापरलेलं असेल तर हे आपोआप छापलं जातं. म्हणजे नुसत्या रंगरूपासाठी पीएचपीला, म्हणजे थीमच्या कोडला, हात लावायची गरजच नाही, सीएसएसमध्ये (रंगरूपाचे नियम लिहायच्या भाषेत) तो क्लास धरायचा आणि लिहायचं. रचनाच बदलायची असेल तर मात्र प्रत्येक फॉरमॅटची वेगळी टेम्प्लेट फाइल, म्हणजे मांडणीचा साचा, करता येते. माझ्या थीममध्ये 'गेट टेम्प्लेट पार्ट'ला पोस्टचा फॉरमॅट दिलेला होता त्यामुळे 'कंटेंट-असाइड' नावाची फाइल चाइल्ड थीममध्ये ठेवली की ती आपोआप उचलली जात होती, नाही सापडली तर साधी 'कंटेंट' फाइल वापरली जायची.

कोटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं. थीमने कोटसाठी इटॅलिक दिलेलं. इंग्रजी मजकुरात ते छान दिसतं पण आपल्या बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरं इटॅलिक नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो, काने कलंडतात आणि डोळ्याला त्रास होतो. ते काढून टाकलं, त्याऐवजी अक्षर थोडं मोठं केलं आणि डाव्या बाजूला जाड रेघ दिली. अक्षर मोठं केल्यावर नवीन अडचण आली. थीमची लाइन-हाइट (एका ओळीला मिळणारी उंची) १.३ होती, तेवढ्यात वरच्या ओळीतला 'पू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफाराला जाऊन भिडायचा. १.५ करून पाहिलं, मग १.७, शेवटी १.८ वर थांबले, तेव्हा कुठे ओळी मोकळ्या झाल्या. मराठीत ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे सामान असतं, त्याला जागा द्यावीच लागते. कोटखाली ज्याचं वाक्य त्याचं नाव येतं, तिथे थीमने लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) दिलेलं होतं, त्याने शिरोरेषाच तुटत होती, नावातलं प्रत्येक अक्षर सुटं. देवनागरीत लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवावं या मताला मी आता आले आहे. आणि एक, साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी ठेवा. पानाच्या टॅगवर मराठीचा कोड असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, जशी नोटो सान्स देवनागरीत आहे, तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात.

असाइडचं शीर्षक काढायचं होतं. आधी सीएसएसने सरळ 'डिस्प्ले नन' केलं, म्हणजे पूर्ण लपवलं, आणि मग लक्षात आलं की होम पेजवर त्या पोस्टची लिंक शीर्षकावरच असते, शीर्षक गेलं की त्या नोंदीपर्यंत पोचायला वाटच उरत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तर तिथे एक नोंद संपून दुसरी सुरू झाली हेही कळत नाही. मग टेम्प्लेटमध्ये तारखेलाच लिंक केलं आणि शीर्षकाला 'स्क्रीन रीडर टेक्स्ट' हा क्लास लावला, म्हणजे डोळ्याला दिसत नाही पण वाचून दाखवलं जातं. लेखकाची चौकट आणि शेअरची बटणंही तिथून काढली. दोन ओळी आणि खाली बारीक तारीख, बस्स.

लिंकला शीर्षकापुढे छोटा बाण दिला. फोटोला पूर्ण रुंदी दिली. व्हिडिओ फोनवर चौकटीबाहेर जात होता त्याला रुंदी शंभर टक्के आणि गुणोत्तर १६:९ ठरवून दिलं.

मधे एकदा कितीही बदल केले तरी काहीच दिसेना. कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली प्रत. तो जुनी स्टाइल फाइलच दाखवत होता. फाइल जोडताना तिचा व्हर्जनचा आकडा बदलला की ब्राउझर नवी समजून परत आणतो, तेव्हापासून दर बदलाला मी आकडा वाढवते. आणि फंक्शन्स फाइल सेव्ह करायच्या आधी जुनीची कॉपी ठेवा, एक कंस राहिला म्हणून पूर्ण साइट बंद पडलेली मी पाहिली आहे, तेव्हा कॉपी होती म्हणून पाच मिनिटांत परत आली.

मग जुन्या पोस्टी. तीनशेच्या वर. एकेक उघडायची नाही, सगळ्या पोस्टींच्या यादीत टिकमार्क करून बल्क एडिट घेतलं की तिथे फॉरमॅटचा ड्रॉपडाउन असतो. तरी प्रत्येक पोस्ट वाचूनच ठरवलं मी, कारण काही नोंदी मी असाइड समजत होते आणि वाचल्यावर कळलं की हा अर्धवट राहिलेला लेख आहे. अशा अकरा निघाल्या, त्या ड्राफ्टमध्ये काढून ठेवल्यात.

काम झाल्यावर ताईला लिंक पाठवली. तिने एक कोट आणि एक दोन ओळींची नोंद, दोन्हींचे स्क्रीनशॉट मला परत पाठवले आणि विचारलं, "ही कधी लिहिलीस गं?" ती नोंद चार वर्षांपूर्वीची होती.